सिनेमा कसा वाटला? प्रेक्षकांच्या मताचा इतिहास

मागचे दोन भाग तह, सनदा आणि महसुलाचे होते. ते ऐकून तुमच्यातल्या काहींनी कळवलंय की आता जरा हलकं काहीतरी घ्या. तर आज सिनेमा. पण इतिहासाची सवय सुटत नाही, त्यामुळे फार हलकं होईल अशी आशा ठेवू नका.

गेल्या काही महिन्यांत मी तीन मराठी सिनेमे बघितले, दोन थेटरात आणि एक घरी. 'दशावतार' थेटरात. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर ज्या ताकदीने उभे राहतात ते बघूनच पैसे वसूल होतात. उत्तरार्ध मला जरा लांबल्यासारखा वाटला, पण मागच्या रांगेतली कोकणातली मंडळी प्रत्येक सोंगाला काहीतरी बोलत होती, आणि ते ऐकण्यात अर्धी मजा होती. दुसरा 'साबर बोंडं', रोहन कानवडे यांचा, २०२५ मध्ये सनडान्सला परीक्षकांचं मोठं बक्षीस मिळवलेला. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी अडकलेला मुलगा, आणि त्याचा तिथला जुना दोस्त. फार शांत सिनेमा आहे. घरी लावला असता तर मी दहाव्या मिनिटाला फोन उचलला असता, हे नक्की. थेटरात आम्ही मोजून अकरा जण होतो. बाहेर पडल्यावर कोणी काही बोललं नाही, सगळे जिन्यावरच जरा रेंगाळले.

तिसरा घरी, लॅपटॉपवर: 'संत तुकाराम', १९३६, प्रभातचा. मतं काय, सगळ्यांचीच असतात. पण हा बघताना एक प्रश्न पडला. दामले-फत्तेलालांचा हा सिनेमा मुंबईत वर्षाहून जास्त चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आता शेवट आठवा. तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात आणि जिजाई खालीच राहते. तोवर सबंध सिनेमाभर आपण तिच्याबरोबर असतो, तिचा संसार, तिची म्हैस, तिचा संताप. मग १९३६ साली ते बघून बाहेर पडलेल्या बायका एकमेकींना काय म्हणाल्या असतील? तुकोबा गेले म्हणून रडल्या, का ती राहिली म्हणून? समीक्षा छापून आल्या, पण त्या लिहिणारे बहुतेक पुरुष. बायकांचं बोलणं पायरीवरच विरलं.

म्हणजे बघा, सिनेमाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे असतं काय? तारीख, दिग्दर्शक, किती आठवडे चालला, कुठलं बक्षीस. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन्स हॉटेलात ल्युमिए बंधूंचा खेळ झाला, तिकीट एक रुपया. हे सगळ्यांना पाठ आहे. तिथून घरी जाताना लोक काय बोलले, ते नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांचं मत तेवढं कळतं, कारण त्यांनी ते तोंडाने दिलंच नाही. त्यांनी सरळ परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्ती चित्रित केली. मत द्यावं तर असं!

सिनेमा पाहून काय वाटलं हे तपशिलात लिहून ठेवणारा आपला पहिला मोठा प्रेक्षक म्हणजे दादासाहेब फाळके. १९१० च्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा बघितला, आणि पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकातल्या लेखांत तो अनुभव मांडला: पडद्यावर ख्रिस्त चाललाय आणि मनात राम-कृष्ण उभे राहतायत. पहिल्यांदा बघितल्यावर ते परत गेले ते पत्नीला, सरस्वतीबाईंना, घेऊन. आता माझा मुद्दा. पुढे 'राजा हरिश्चंद्र' झाला, ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यासाठी फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं मिसळणं, फिल्म धुणं, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक, हे सरस्वतीबाईंनी केलं. पण त्या दिवशी ख्रिस्ताचा सिनेमा बघून त्यांना काय वाटलं, हे आपल्याला त्यांच्या शब्दांत वाचायला मिळत नाही. दादासाहेबांचं मत इतिहास झालं. शेजारच्या खुर्चीवरचं मत गेलं.

बोलपट आल्यावर बोलायला विषय वाढले, पण तंबूत. जत्रेतला तंबू थेटर ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको: खाली माती, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मध्ये प्रोजेक्टर आणि बाहेर ट्रकवरून भोंगा. तिथे मत सिनेमा चालू असतानाच दिलं जायचं, शिट्टीने नाहीतर शिवीने. हे जग संपत आलं तेव्हा शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया त्याच्यामागे फिरले, त्यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' २०१६ मध्ये कानला दाखवला गेला. बरं झालं कोणीतरी फिरलं.

शहरातही असंच. गणपतीत रस्त्यावर आडवा पडदा बांधायचे आणि लोक दोन्ही बाजूंनी बसायचे. मागच्या बाजूच्या लोकांना सगळे नट डावखुरे दिसायचे आणि श्रेयनामावली उलटी. तरी जागेवरून भांडणं व्हायची.

मग सिनेमा घरात शिरला. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि पुढे शनिवारी मराठी, रविवारी हिंदी सिनेमा हे वेळापत्रक लोकांच्या अंगवळणी पडलं. पण 'घरी' म्हणजे कोणाच्या घरी? चाळीत टीव्ही एकाकडे, बघणारे तीस-चाळीस. मध्येच बातम्या लागायच्या. तेवढ्यात बायका उठून कुकर लावून यायच्या आणि जाता-येता बोलायच्या: ही सासू फारच आहे, नाही का? ज्यांना एकटीने थेटरात जायची मुभा नव्हती, त्यांनी जुने मराठी सिनेमे पहिल्यांदा असे, दुसऱ्याच्या सतरंजीवर बसून बघितले. थेटर मेलं, टीव्हीने मारलं, अशी रड आपण नेहमी ऐकतो. ती मला अर्धीच पटते.

कारण उलटंही झालंय. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. तो आज ज्यांना पाठ आहे त्यातले निम्मे तेव्हा जन्मलेले नव्हते. हे पाठांतर टीव्हीसमोर, जेवणाच्या ताटावर झालं. (तो मुळात १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय हे सांगितलं की लोक अजून दुखावतात, म्हणून हळूच सांगतो.) उलट १९९१ चा 'माहेरची साडी' घरी बघून कळतच नाही. मी प्रयत्न केलाय. तो सिनेमा अलका कुबलच्या पडद्यावर नव्हताच, तो खुर्च्यांत होता. एकत्र रडायला मिळणं हा त्याचा अर्धा खेळ. २०२३ ला 'बाईपण भारी देवा'ला बायका ठरवून, नटून, गटागटाने गेल्या तेव्हा लोकांना नवल वाटलं. मला नाही वाटलं.

आता सगळ्यात जास्त चाललेला घ्या. अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका', १९५९. पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे. म्हणजे अडीच वर्षं! जयश्री गडकर, हंसा वाडकर, आशाताईंनी गायलेलं ते बुगडीचं गाणं, हे सगळं आहे. पण अडीच वर्षं एका थेटरात माणसं येत राहतात तेव्हा ती परत परत येत असतात. का येत होती? कोण येत होतं? मंडईतले हमाल, खेड्यातून खरेदीला आलेले, कॉलेज चुकवलेले? हंसाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनाला याच सिनेमाचं नाव दिलं, त्यामुळे पडद्यावरच्या बाईचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं. समोर बसलेल्यांचं नाही.

तेव्हा जो पंधरा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे. तुमच्या घरात, शेजारी, वाड्यात असं कोणी असेल तर फोन समोर ठेवा आणि विचारा, सिनेमा कसा होता हे नको, कोणाबरोबर गेला होतात, कुठे बसलात, परत येताना काय बोललात ते विचारा. आजी असेल तर आधी तिला विचारा, आजोबा शेजारून उत्तर देतील, त्यांना थांबवा. रेकॉर्डिंग आवाज जसा असेल तसा पाठवा, कुकरच्या शिट्ट्या चालतील. पुढच्या भागात त्यातली ऐकवतो.