गोणीसोबतची बाटली

गेल्या महिन्यात आईसाठी छत्रपती संभाजीनगर ते पुणे बसचं तिकीट मोबाइलवर काढत होते. सीट निवडली, नाव-वय भरलं. पैसे भरण्याच्या पानावर आले तेव्हा रक्कम मघापेक्षा जास्त दिसली. प्रवास विमा आपोआप जोडला गेला होता. तो काढायला गेले तर समोर वाक्य आलं, ‘नको, मी जोखीम पत्करते’ अशा अर्थाचं. पैसे फार नव्हते. पण आईच्या प्रवासाबद्दल हे वाक्य माझ्या नावावर लिहायला बोट धजेना. विमा ठेवला, पैसे भरले, आणि नंतर अर्धा तास स्वतःवरच चिडत राहिले.

या चिडीची जात ओळखीची होती. आमच्या गावाकडच्या घरात माळ्यावर प्लास्टिकच्या चार-पाच बाटल्या वर्षानुवर्षं पडून होत्या. कुठल्याशा ‘पीकवर्धक’ द्रवाच्या. वडील जूनमध्ये पेरणीआधी शहरात, जुन्या मोंढ्याच्या बाजूला खत आणायला जात. डीएपीच्या गोण्यांसोबत अशी एक बाटली नाहीतर सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी घरी येई. ती त्यांनी मागितलेली नसे. नको म्हटलं की डीएपी ‘संपलेलं’ असे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला याचं नाव सांगावं लागत नाही: लिंकिंग.

लिंकिंगमागचा हिशेब साधा आहे. ऑगस्ट 1992 मध्ये केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाशयुक्त खतांच्या किमतींवरचं नियंत्रण उठवलं, युरियावरचं मात्र ठेवलं. आजही युरियाची 45 किलोची गोणी सुमारे 266 रुपयांना मिळते. किंमत ठरलेली, अनुदान सरकारचं, विक्रेत्याचा नफा तुटपुंजा. मग ज्या मालाच्या किमतीवर बंधन नाही तो या मालाच्या पाठीवर बसवायचा. कंपनी तो घाऊक विक्रेत्याच्या गळ्यात मारते, घाऊक विक्रेता कृषी सेवा केंद्राच्या, आणि केंद्र शेतकऱ्याच्या. म्हणून तर किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनाही लिंकिंगविरुद्ध तक्रारी करत आल्या आहेत. काउंटरवरचा माणूस दिसतो, म्हणून शिव्या त्याला बसतात.

जोडून विकणं मुळातच वाईट, असं मात्र मला म्हणायचं नाही. भाजीवाली पिशवीत चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी वर टाकते, तिचे पैसे घेत नाही. गुलमंडीवर साडी घेतली की दुकानदार फॉल दाखवतोच, आणि तो लागतोही. वडिलांना एका दुकानदाराने तुरीच्या बियाण्याला रायझोबियम चोळायला सांगितलं होतं. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र कसा धरतात हे उभ्याउभ्या समजावलं आणि म्हणाला, ‘पटलं तर न्या.’ ते स्वस्तातलं पाकीट वडील पुढे दरवर्षी मागून आणत. वस्तू तीही जादाचीच होती. पण तिथे कारण सांगितलं होतं, आणि ‘नको’ला जागा ठेवली होती.

कायद्याला ही जागा दिसायला वेळ लागला. 1969 च्या मक्तेदारीविरोधी कायद्यात एका मालासोबत दुसरा घ्यायला लावणाऱ्या करारांची दखल होती, पण तो कायदा मुख्यतः उद्योगांच्या जगातला. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि ग्राहक म्हणून माणसं एकत्र येऊ लागली. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला. 1993 च्या दुरुस्तीने त्यात ‘निर्बंधक व्यापारी प्रथा’ आली: एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट. म्हणजे वडिलांची बाटली कायद्याच्या पुस्तकात पोहोचली होती. खतांचं लिंकिंग करू नका, असं सरकारही वारंवार बजावत आलं आहे. अडचण पुराव्याची. पावतीवर बाटली वेगळी, किमतीसह, रीतसर लिहिलेली. अट तोंडी असते, कागद सांगतो की गिऱ्हाइकाने ती मागून घेतली.

मोबाइलच्या पडद्याने ही युक्ती आणखी पुढे नेली. तिथे अट नाहीच. विमा नको असेल तर काढता येतो. फक्त खूण आधीच केलेली असते आणि ती पुसण्याचं काम आपल्यावर येतं. 2010 मध्ये हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने अशा रचनांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. युरोपीय संघाच्या देशांत जून 2014 पासून जादा पैशांसाठी अशी आधीच केलेली खूण ग्राहकाची संमती मानली जात नाही. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे 13 प्रकार नोंदवले. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं हा त्यांतला एक, आणि नकार देणाऱ्याला लाजवणं हा दुसरा. लाजवण्याचं उदाहरणही तिथे दिलंय: विमानाच्या तिकिटासोबत विमा नाकारणाऱ्यासमोर ‘मी असुरक्षित राहीन’ असं वाक्य ठेवणं. ते वाचताना मला बसचं तिकीट आठवलं. जून 2025 मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं.

1993 चा कायदा सक्ती शोधत होता. 2023 ची तत्त्वं सक्तीपाशी थांबत नाहीत, होकार कसा घडवला गेला तेही बघतात. तीस वर्षांतला हा बदल मला मोठा वाटतो. वडिलांना टंचाईने अडवलं होतं. मला घाईने आणि आईच्या काळजीने अडवलं. दोघांच्याही पावतीवर मात्र एकच गोष्ट लिहिलेली: ग्राहकाने स्वखुशीने घेतलं.

आणि राग येतो तो या ‘स्वखुशी’चाच. वडील बाटलीच्या पैशांबद्दल फारसं बोलत नसत. ते म्हणत, ‘त्याला माहीत होतं मला नकोय. मला माहीत होतं त्याला माहीत आहे. तरी दोघांनी नाटक केलं.’ निदान तिथे समोर एक माणूस होता, नजर चुकवणारा. एकदा तर त्याने बाटली परत घेतली, पुढच्या हंगामात, काही न बोलता. पडद्यापुढे नजर चुकवणारी फक्त मी होते.

आई पुण्याला पोहोचली तेव्हा तिला विम्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘म्हणजे बाटलीच की.’ परतीचं तिकीट तिने स्वारगेटच्या खिडकीवरून काढलं.