पंधरा तारखेचा हिशेब

इंदूरच्या मराठी घरातला ‘भाडेकरू’ कोर्टाची पायरी चढला, की ‘किरायेदार’ होतो. थकलेले भाडे ‘बकाया किराया’ होते आणि घराबाहेर काढणे ‘बेदखली’. कायदाही आमचा वेगळाच. होळकरांचे राज्य १९४८ साली मध्य भारतात गेले आणि मध्य भारत १९५६ साली मध्य प्रदेशात.

मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात सहा महिन्यांची थकबाकी आणि एका महिन्याची नोटीस असा हिशेब होता. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाने नोटिशीनंतर दोन महिन्यांत सारी बाकी चुकती करा, एवढेच म्हटले. खरी मेख कलम १३ मध्ये होती. समन्स मिळाल्यापासून महिन्याच्या आत थकलेली रक्कम भरायची. पुढे दावा चालेल तोवर प्रत्येक महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. चुकल्यास बेदखलीविरुद्धचा बचावच न्यायालय काढून टाकू शके.

दावा दहा वर्षे रेंगाळला, तर अशा एकशेवीस तारखा! मला तर मूळ थकबाकीपेक्षा या तारखाच जास्त जाचक वाटतात. १९८० साली मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तारीख हुकली म्हणून मालकाला हुकूमनामा आपोआप मिळत नाही. मुदत वाढवून देणे न्यायाधीशाच्या हाती आहे.

मालकही अगदी वाऱ्यावर नव्हता. पैसे भरून एकदा बेदखली टाळलेल्या भाडेकरूने पुन्हा लागोपाठ तीन महिने भाडे थकवले, तर ती सवलत त्याला दुसऱ्यांदा नव्हती.