सातबारा नसलेल्यांचा दुष्काळ

दुष्काळ जाहीर झाला की मोबाईलवर एक आकडा हमखास झळकतो: हेक्टरी इतके रुपये. २०२२ च्या निकषांत जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,०००, तेही दोन हेक्टरपर्यंत. पैसे थेट खात्यात. पण हेक्टर मोजायचं तर सातबारा हवा. जी बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, तिचं काय? पीक गेलं म्हणजे तिची खुरपणी गेली, काढणी गेली, मळणीही गेली.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. या टेबलची प्रायमरी की जमिनीचा गट नंबर आहे, माणूस नाही. की नसली की नोंदच तयार होत नाही.

हे डिझाइन जुनं आहे बरं का. इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ मध्ये तगाईचे कायदे केले. तगाई म्हणजे कर्जच, पण ते जमीनवाल्याला. मजुराच्या वाट्याला दुष्काळी काम, आणि मजुरी मुद्दामच कमी, म्हणजे खरोखर उपाशी असेल तोच येईल! १८७७ मध्ये रिचर्ड टेम्पलने ती दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर इथवर खाली आणली, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम सोडून निघून गेले. उपाशी माणसांचा संप. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे लावून धरली.

मग १९७२. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी अजून आहे तो दुष्काळ: मिलो, सुकडी, खडी फोडणं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. हजेरीपटावर नाव लागायला सातबारा लागत नव्हता, आणि मला वाटतं खरा बदल इथेच होता. लहान शेतकरी आणि भूमिहीन एकाच खड्ड्यात माती उपसत होते.

याच्या आधी, १९६५ मध्ये, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला होता: मागेल त्याला काम. १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली. पुढे दुष्काळ ओसरला, पण मजुरांचे मोर्चे थांबले नाहीत. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आता काम ही मेहरबानी राहिली नाही, तो हक्क झाला.

पैसा कुठून आला? तुमची सॅलरी स्लिप उघडा. व्यवसाय कर, दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच सुरू झाला. जेवढा गोळा होईल तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. शहरातल्या पगारातून गावातल्या मजुरीला पैसा, तोही कायद्याने. ऑफिसात हे सांगितलं तर निम्म्या लोकांना धक्का बसतो. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी ती ओळ म्हणजे उगाच कापलेले पैसे वाटायची.

त्या कायद्यात एक कलम असं होतं, की मागणी केल्यावर ठरलेल्या मुदतीत काम देता आलं नाही तर बेकार भत्ता द्यायचा, दिवसाला किमान एक रुपया. त्या काळीही रक्कम किरकोळच. पण चूक सरकारची, भरपाई मजुराला, हे तत्त्व पहिल्यांदा कागदावर आलं. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानेही ते घेतलं: १५ दिवसांत काम, नाहीतर भत्ता.

प्रत्यक्षात तो भत्ता फार थोड्यांच्या हाती पडला. कारण साधं आहे. दिवस मोजायचे तर मागणीची तारीख हवी, तारखेसाठी पोचपावती हवी, आणि गावोगाव तक्रार एकच: अर्ज घेतात, पावती देत नाहीत.