ताठ फोर्कची बखर

बँकेत ‘सस्पेन्शन’ हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ निलंबन. हजेरीपटावरची सही बंद, पगाराऐवजी निर्वाहभत्ता, आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणे. त्यामुळे सायकलच्या दुकानातल्या पोराने माझ्या सायकलकडे पाहून, चेहऱ्यावर कणव आणून, “काका, तुम्हाला सस्पेन्शन नाही?” असे विचारले तेव्हा मी ताठ मानेने उत्तर दिले, “बावीस वर्षांच्या नोकरीत एकदाही नाही!”

त्याला विनोद कळला नाही. त्याने मला शेजारची सायकल दाखवली. तिच्या पुढच्या फोर्कला दोन जाड नळ्या, आत स्प्रिंगा. हँडलवर भार दिला की ती नंदीबैलासारखी मान डोलावत होती. पाऊस पडेल का, विचारले असते तर त्यालाही हो म्हणाली असती.

माझी सायकल मान डोलावत नाही. आहे डोंगरीच, म्हणजे जिला हल्ली सगळे एमटीबी म्हणतात ती. टायर जाड, हँडल आडवे, गिअर भरपूर. पण पुढचे चाक धरणारा फोर्क सरळसोट पोलादाचा. रस्ता जे देईल ते जसेच्या तसे माझ्या मनगटापर्यंत पोचते; मधे दलाल नाही. इंग्रजीत याला ‘रिजिड’ म्हणतात. आमच्या शाखाधिकाऱ्यांबद्दलही आम्ही हाच शब्द वापरतो, पण इतक्या प्रेमाने नाही.

मी कॉमर्सचा माणूस. शास्त्र म्हणाल तर दुहेरी नोंद एवढे एकच येते. एकाच्या नावे पडल्याशिवाय दुसऱ्याकडे जमा होत नाही. दगडाने दिलेला दणकासुद्धा हवेत विरत नाही. तो कुणाच्या ना कुणाच्या खात्यात टाकावाच लागतो. सायकलचा सगळा इतिहास मला तरी, दणके कुणाच्या नावे टाकायचे, याचाच इतिहास वाटतो. रकमेचे खाते सापडेना की आम्ही ती ‘सस्पेन्स अकाउंट’मध्ये टाकतो आणि चहाला जातो. फोर्कमध्ये स्प्रिंग पहिल्यांदा बसवणाऱ्याची वृत्ती यापेक्षा फार वेगळी नसावी.

सुरुवातीला सगळे सायकलस्वाराच्याच नावे पडत असे. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांनी पायडल असलेली जी गाडी काढली, तिची चाके लाकडाची आणि त्यांवर लोखंडी धाव, आपल्या बैलगाडीसारखी. खाली दगडी फरसबंदी. आसनाखाली लोखंडी पट्टीची लांबलचक स्प्रिंग होती, तरी इंग्रजांनी तिचे नाव ठेवले ‘बोनशेकर’. हाडे खिळखिळी करणारी. इंग्रज सहसा तक्रार करत नाही, त्यावरून कल्पना करा.

पुढे लोखंडी धावेच्या जागी भरीव रबर आले, आणि १८८५ साली स्टार्लीची ‘रोव्हर’ आली. दोन सारखी चाके, साखळी, म्हणजे आजच्या सायकलची आजीच. आधीच्या उंच सायकलींपेक्षा चाके लहान, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आत उतरून पाहायची तिला खोड. त्यावर तोडगा म्हणून त्याच साली लंडनच्या लिनली अँड बिग्ज यांनी ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली. तिच्या सांगाड्यातच स्प्रिंग. आता आपण सुखी झालो असे लोकांना वाटले.

तेवढ्यात बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या एका जनावरांच्या डॉक्टराने सगळा हिशेब बदलला. मुलाच्या तीनचाकीला त्याने हवा भरलेल्या रबरी नळ्या लावल्या आणि १८८८ साली पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाचा गडी असल्या टायरवर बसून बेलफास्टच्या शर्यती जिंकला. मग स्प्रिंगवाल्या सायकलींचा धंदा बसलाच. दणक्यांना हक्काचे खाते मिळाले होते: हवा. तिला पगार नाही, रजा नाही, युनियन नाही. (डनलॉपचे पेटंट मात्र दोनच वर्षांत रद्द झाले. थॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने हीच कल्पना १८४५ मध्येच नोंदवून ठेवली होती. टायटल सर्च न करता कर्ज मंजूर केले की असेच होते.)

तेव्हा स्प्रिंग ही काही आजकालची नवलाई नाही. ती एकदा येऊन, हवेकडून हरून, घरी गेलेली बाई आहे. मधल्या काळात तिने अधूनमधून डोकावून पाहिले. १९३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत श्विन कंपनीने पुढे स्प्रिंग लावलेला फोर्क काढला. १९६२ साली इंग्लंडात मोल्टन यांनी बारक्या चाकांच्या सायकलीला रबराचे सस्पेन्शन बसवले. ‘मिनी’ मोटारीचे रबरी सस्पेन्शनही याच गृहस्थांचे. पण जग एकंदरीत ताठ फोर्कवरच चालले. आपल्याकडच्या काळ्या चोवीस नंबरी सायकलीला स्प्रिंग असे ती सीटखाली, म्हणजे मालकापुरती. कॅरिअरवर डबलसीट बसलेल्याच्या नावे पूर्ण रक्कम पडे.

आता कॅलिफोर्नियाला जाऊ, कारण डोंगरी सायकलचा जन्म तिथला. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडला की मरिन परगणा लागतो, आणि त्यात माउंट टॅमल्पायस हा डोंगर. उंची अडीच हजार फुटांच्या वर. आमच्या पुण्यातली वेताळ टेकडीही समुद्रसपाटीपासून मोजली तर तेवढी भरते. पण पुणे स्वतःच आधी अठराशे फुटांवर चढून बसले असल्यामुळे हे मोठेपण तिला बसल्या जागी मिळाले आहे. टॅमल्पायस खरोखरच समुद्राकाठून उभा राहतो.

१९७०च्या दशकात तिथल्या काही पोरांनी १९३०-४०च्या सुमाराच्या श्विनच्या जुन्या सायकली भंगारातून उचलल्या. वीस-वीस किलोची ती धुडे डोंगरावर न्यायची आणि सोडून द्यायची. अर्थातच स्वतः वर बसून. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या कच्च्या रस्त्यावर त्यांनी रीतसर शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार. ब्रेक मागच्या हबमध्ये. पायडल उलटे दाबले की लागणारा. एवढ्या उतारावर तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच पडले ‘रिपॅक’. आपल्याकडच्या सायकलवाल्याने त्या शर्यतीला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हटले असते आणि वर पैसे घेतले असते.

चार्ली केली नावाचा गृहस्थ वेळा टिपून वहीत लिहून ठेवी. (हा माणूस मला फार जवळचा वाटतो. सगळे जग उतारावरून कोसळत असताना एक जण तरी वहीत नोंद करणारा हवा.) त्या वहीतला विक्रम गॅरी फिशरचा: चार मिनिटे बावीस सेकंद. जो ब्रीझ त्याच्या मागे फक्त दोन सेकंद. सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास, खाली दगडधोंडे, आणि पुढे ताठ फोर्क.

हे जमले कसे? हाच तर या बखरीचा गाभा आहे. दणके सस्पेन्समध्ये टाकण्याची सोय नव्हती, म्हणून ते त्यांनी अंगावर वाटून घेतले. सीटवरून बूड उचलायचे, कोपरे बाहेर काढायचे, गुडघे सैल सोडायचे. दोन कोपरे आणि दोन गुडघे यांत मिळून फूटभर तरी स्प्रिंग प्रत्येकाला जन्मतः मिळालेली आहे, तीही बिनव्याजी. शिवाय डोळे दहा हात पुढे ठेवायचे. कोणता दगड टाळायचा, कोणत्यावरून पुढचे चाक हलके उचलून न्यायचे, हे पोचण्याआधीच ठरवायचे. ताठ फोर्कवाला रस्ता वाचतो. आमच्या जुन्या हेडक्लार्कना व्हाउचर हातात घेण्याआधीच चूक दिसत असे, तसे.

१९७७ साली जो ब्रीझने खास डोंगरासाठी नवा सांगाडा स्वतः बनवला. ती पहिली सायकल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाचे दुकान काढले, सांगाडे टॉम रिची बनवून देई. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजंपर’ कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि ही थेरे घाऊक झाली. या सगळ्या सायकलींचे फोर्क ताठ. म्हणजे ज्या खेळासाठी सस्पेन्शन अत्यावश्यक आहे असे दुकानातला पोरगा मला सांगतो, तो खेळ त्याच्याशिवाय उभा राहिला, मोठा झाला आणि बाजारात गेला.

नंतर पॉल टर्नर आला. मोटरसायकलच्या शर्यतींतला माणूस; त्याला सायकलस्वारांचे हाल बघवेनात. १९८९ साली त्याने ‘रॉकशॉक्स’ काढली. पहिला फोर्क दाबला तर जेमतेम दोन इंच खाली जाई, पण तेवढे पुरले. १९९० साली कोलोरॅडोत ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा ग्रेग हर्बोल्ड उताराची शर्यत रॉकशॉक्सवर बसून जिंकला. ह्यूमने बेलफास्टला जे केले तेच शंभर वर्षांनी, फक्त या वेळी स्प्रिंगेच्या बाजूने.

आणि इथे मी ताठपणा बाजूला ठेवून सांगतो की तो न्याय होता. सस्पेन्शन म्हणजे नुसते ऐषाराम नव्हे. खडबडीत उतारावर ताठ चाक उड्या मारते, आणि हवेत असलेले चाक ना वळते ना थांबते. स्प्रिंग ते जमिनीला चिकटवून ठेवते. ज्याला दरीच्या कडेने जोरात उतरायचे आहे त्याने ते घ्यावे. हल्ली त्या लोकांचे फोर्क आठ-आठ इंच दबतात.

माझे भांडण आहे ते बाकीच्यांशी. चढावर उभे राहून पायडल मारा, की स्प्रिंग प्रत्येक दाबाला खाली जाते. तुमची ताकद चाकाऐवजी फोर्कच्या खात्यात जमा. यावर कंपन्यांनी उपाय काढला, लॉकआउट. एक कळ फिरवली की सस्पेन्शन बंद. म्हणजे आधी फोर्क हलण्याचे पैसे, मग तो न हलण्याचे पैसे. आमच्या हेडकॅशिअरांनी असली सायकल घेतली. पुण्याच्या रस्त्यावर नेतात, कळ कायम बंद. मी विचारले तर म्हणाले, “अहो, लॉकरसारखं असतं ते. आत काही नसलं तरी भाडं भरायचं.”

त्यांची निदान चांगली तरी आहे. स्वस्तातल्या सायकलींना जे लावतात ते सस्पेन्शन नव्हे, सस्पेन्शनचा देखावा. नळीत एक स्प्रिंग, तिला आवर घालणारे तेल नाही. दाबली की तेवढ्याच हट्टाने उलट फेकते. वजन दोन किलोंच्या वर, ताठ पोलादी फोर्कच्या जवळपास दुप्पट. दोन पावसाळे गेले की आत गंज धरून तोही ताठ होतो. म्हणजे शेवटी माझ्याच पक्षात येतो, पण प्रवेश फी जास्त भरून.

ताठ पक्ष अजून संपलेला नाही. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत रॉकी पर्वताच्या कण्यावरून चार हजारांहून अधिक किलोमीटर जाणारी ‘टूर डिव्हाइड’ २००८ पासून चालते. तिथे सामान लादून निघालेले काही जण आजही ताठ फोर्क लावतात, कारण निर्जन रानात न बिघडणारी वस्तू म्हणजे जिच्यात बिघडण्यासारखे काही नाही ती. आणखी एक गंमत म्हणजे नव्या सांगाड्यांची मापे सस्पेन्शन धरूनच काढलेली असतात. म्हणून त्यांना लावायचा ताठ फोर्क मुद्दाम लांब बनवतात. चाकाच्या वर तेवढी जागा मोकळी. स्टाफ चार्टवर पद मंजूर, माणूस नाही.

माझी सायकल त्याच्याही आधीच्या मापांची, आणि आता तोच प्रश्न झाला आहे. पावसाळ्यापासून उजवे मनगट ठणकते. नोटा मोजायला यंत्र आले तरी शिक्के मारायला मनगटच लागते. डॉक्टरांनी सगळी हकिकत ऐकून निकाल दिला, “एक तर फोर्क बदला, नाही तर टेकडी सोडा.” घरी मतदान झाले, दोन विरुद्ध एक, टेकडी सोडण्याच्या बाजूने. फोर्क बदलावा तर माझ्या जुन्या सांगाड्याला आजचा लांब फोर्क लावला की सायकल नाक वर करून चालेल आणि वळताना ऐकणार नाही. म्हणजे नवी सायकलच घ्यायची. तिच्या किमतीत मुलीच्या क्लासची वर्षाची फी बसते. टेकडी सोडायची, तर सकाळी साडेसहाला खाणीजवळ मोर ओरडतो तो कुणी ऐकायचा?

म्हणून बेलफास्टच्या जनावरांच्या डॉक्टराचा सल्ला घेतला. दोन पूर्णांक एक दशांश इंचाचा पुढचा टायर काढून, फोर्कमध्ये मावेल तेवढा रुंद, दोन पूर्णांक चार दशांशचा बसवला आणि हवा निम्म्याच्या आसपास आणली. खाणीच्या बाजूच्या उतारावर फरक कळतो. मनगट अजून रोज अहवाल देते, पण भाषा सौम्य झाली आहे. डॉक्टरांची पुढची तारीख चोवीस आहे. तोवर मागच्या टायरमधलीही थोडी हवा काढून पाहणार आहे.