बालशिक्षणांतील परदेशीय ऋण : रोम ते कोसबाड

आपल्याकडील बालशिक्षणाच्या चळवळीसंबंधानें दोन परस्परविरुद्ध मतें वारंवार ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, ही चळवळ युरोपची निव्वळ नक्कल होय. दुसरा म्हणतो कीं, अंगणवाडी ही सर्वस्वीं या मातीची उपज असून परकीयांचा तिच्याशीं संबंध नाहीं. कालक्रमाच्या कसोटीस लावून पाहिलीं असतां हीं दोन्ही मतें टिकत नाहींत, असें आम्हांस वाटतें. हा प्रश्न केवळ अभिमानाचा नाहीं. परदेशांतील शोध कसे घ्यावे आणि त्यांतील काय टाकावें, याचा निर्णय त्याच्याशीं निगडित आहे.

प्रथम मूळ पाहूं. डॉ. मारिया माँटेसोरी (१८७०–१९५२) यांची पद्धति इटलीची म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तिचें बीज फ्रान्सांतील होय. इ. स. १८००च्या सुमारास आव्हेरों परगण्याच्या रानांत मनुष्यसंगतीला पारखा झालेला एक मुलगा सांपडला. पॅरिस येथील बधिरमूकांच्या संस्थेंतील वैद्य इतार यांनीं त्याच्या एकेका इंद्रियाला क्रमानें वळण लावण्याचा प्रयत्न केला. तो मुलगा बोलूं लागला नाहीं. पण प्रयत्नांचीं टिपणें मागें राहिलीं. इतारांचे शिष्य सेगँ यांनीं ती रीत मंदबुद्धि मुलांसाठीं पद्धतशीर केली. सन १८९६ मध्यें वैद्यकाची पदवी घेतलेल्या माँटेसोरीबाईंनीं पुढें अशाच मुलांत काम करतांना या दोघांचे ग्रंथ स्वहस्तें इटालियन भाषेंत उतरवून काढले.

ता. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या सान लोरेंझो या कष्टकरी वस्तींत बाईंचें पहिलें बालगृह उघडलें. आईबाप कामावर गेले म्हणजे चाळींतील लहान मुलें भिंती व जिने खराब करीत, आणि त्यांस कोणीतरी सांभाळावें ही इमारतींच्या चालकांची गरज होती. म्हणजे आरंभीं निमित्त चुन्या-रंगाचें, शिक्षणाचें नव्हे! बाईंनीं मंदबुद्धि मुलांसाठीं योजलेलीं साधनें तेथें सामान्य मुलांपुढें मांडलीं व काय घडतें तें पाहिलें. मुलें खेळणीं सोडून साधनांकडे वळत आणि तीच कृति पुनःपुन्हां करीत. या निरीक्षणाचा ग्रंथ १९०९ सालीं निघाला व १९१२ सालीं तो इंग्रजींत आला. तात्पर्य, इटलीची म्हणवली जाणारी ही विद्यासुद्धां उसनवारीचीच होती. मात्र बाईंनीं उसनें घेतलेलें जसेंच्या तसें ठेवलें नाहीं.

दुसरा टप्पा भावनगरचा. पेशानें वकील असलेले गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे १९१६ सालीं दक्षिणामूर्ति संस्थेंत आले आणि १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर काढलें. तीन वर्षांनीं मुंबईच्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांस येऊन मिळाल्या, व १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मुलाचें स्वातंत्र्य, इंद्रियशिक्षण व शिक्षेचा त्याग हीं तत्त्वें येथें रोमहून आलीं. परंतु लहान मुलांना कल्पित कथा सांगण्याविषयीं माँटेसोरीबाई साशंक असत, तर गिजुभाईंनीं गोष्टीला बालमंदिरांत मानाचें स्थान दिलें. गाणीं, नाट्य आणि लोककथा हीं त्यांची स्वतःची भर होय. यास नक्कल म्हणतां येत नाहीं.

गिजुभाई जून १९३९ मध्यें निवर्तले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून माँटेसोरीबाई मद्रासजवळ अड्यार येथें आल्या. पुढील वर्षीं इटली युद्धांत उतरतांच त्यांचे चिरंजीव मारिओ यांस सरकारनें अहमदनगरास स्थानबद्ध केलें. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशीं, ३१ ऑगस्ट १९४० रोजीं, त्यांची सुटका झाली. युद्धसमाप्तीपर्यंत बाईंना हिंदुस्थान सोडतां आला नाहीं. बालकाच्या पहिल्या तीन वर्षांविषयींचा त्यांचा विचार याच काळांत पक्व झाला. अहमदाबादेंतील व्याख्यानांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९४९ सालीं मद्रासेंत छापला गेला. देवघेव एकाच दिशेनें चालली होती असें मानणारांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

तिसरा टप्पा बोर्डी-कोसबाडचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. शहरांतील बालमंदिरें मुख्यतः सुस्थितींतील मुलांच्याच वांट्यास येत. महागडीं साधनें हें त्याचें एक कारण. म्हणून १९४५ सालीं ताराबाईंनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बालशिक्षण केंद्र काढलें. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९५७ मध्यें काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यांत गेलें.

तेथें खरी परीक्षा झाली. मुलें शाळेंत येतच ना. कोणी धाकटें भावंड सांभाळी, कोणी गुरें राखी. तेव्हां शाळाच मुलाकडे नेण्यांत आली. पाड्यावरील अंगणांत भरणारी ती अंगणवाडी, आणि गुरें चरतात तेथें भरणारी ती कुरणशाळा. रोमच्या लांकडी साधनांऐवजीं बिया, शिंपले, खडे, पानें व माती हीं साधनें झालीं. अभ्यासापूर्वीं अंघोळ आणि केस विंचरणें आलें. वस्तु बदलल्या, पण मुलाचें निरीक्षण करून मग साधन ठरवावें, ही सान लोरेंझोची शिस्त कायम राहिली.

ता. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली व तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें. तथापि नामसाम्यावरून पद्धतिसाम्य गृहीत धरणें संशोधकास शोभणार नाहीं. त्या योजनेंत पोषण, लसीकरण व आरोग्य यांचा भार मोठा असून शिक्षण हें अनेक सेवांपैकीं एक आहे.

सन २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ३ ते ८ वर्षें हा पायाभूत टप्पा ठरविल्यापासून परदेशांतील प्रयोगांकडे पुन्हां लक्ष वळलें आहे. त्यांस वरील इतिहास एवढेंच सांगतो कीं, पॅरिसपासून कोसबाडपर्यंत जें टिकलें तें निरीक्षण होय, सामग्री नव्हे. जेथें केवळ सामग्री आली तेथें तिच्याबरोबर तिची किंमतहि आली, आणि गरिबाचें मूल दाराबाहेर राहिलें.

जातां जातां एक विनंति. शिक्षणपत्रिकेचे जुने अंक, शिक्षिकांच्या रोजनिशा व बालवाड्यांचीं हजेरीपुस्तकें ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं तीं रद्दींत न घालतां एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावींत. राजांच्या सनदा जपणाऱ्या आम्हां लोकांस मुलांच्या हजेरीपटांचें मोल कळावयास हवें.