तात्पुरते संवाद : ‘मंकी आयलंड’ची माणसं

आजचा विषय वरवर हलका आहे. पण त्यामागचा प्रश्न जड आहे. चार-पाच माणसांनी पगारावर, मालकाच्या छपराखाली बसून एखादी गोष्ट रचली, तर ती गोष्ट कोणाची? सिनेमाच्या संदर्भात यावर भरपूर वाद झालेत. कम्प्यूटर गेमच्या संदर्भात आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. म्हणून आज एकच खेळ घेतोय : ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’, लुकासफिल्म गेम्स, कॅलिफोर्निया, १९९०.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक बावळट पोरगा कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर येऊन म्हणतो, मला चाचा व्हायचंय. चाचा म्हणजे समुद्री लुटारू. मग कोडी सोडवायची, वस्तू गोळा करायच्या, लोकांशी गप्पा मारायच्या. गोळीबार नाही, घड्याळ नाही. या प्रकाराला अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणतात.

आता ही मंडळी कुठे बसली होती ते बघा. जॉर्ज लुकासनं १९८२ साली आपल्या कंपनीत खेळांचा एक छोटा विभाग सुरू केला. तुम्ही म्हणाल, मग काय, स्टार वॉर्सवर खेळ काढायचे आणि पैसे मोजायचे! पण स्टार वॉर्सवर खेळ काढायचे हक्क आधीच बाहेरच्या कंपन्यांना दिलेले होते. घरातच सोन्याची खाण, आणि घरच्यांनाच खणायला बंदी. मला वाटतं, या विभागाच्या बाबतीत घडलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट. नाइलाजानं का होईना, त्यांना स्वतःच्या गोष्टी शोधाव्या लागल्या.

तिथे रॉन गिल्बर्ट होता, ओरेगनमधल्या एका छोट्या गावातून आलेला प्रोग्रॅमर. त्यानं आणि गॅरी विनिक या चित्रकारानं १९८७ मध्ये ‘मॅनियॅक मॅन्शन’ हा खेळ केला. तो करताना गिल्बर्टच्या लक्षात आलं, की प्रत्येक संवाद आणि प्रत्येक दार थेट मशीनच्या भाषेत लिहीत बसलो तर म्हातारे होऊ. म्हणून त्यानं सहकाऱ्यांच्या मदतीनं ‘स्कम’ नावाची एक सोपी लिपी, म्हणजे स्क्रिप्टिंगची भाषा, तयार केली. सुचलेला विनोद लगेच लिहायचा आणि लगेच पडद्यावर चालवून बघायचा. नाटकवाल्यांना तालमीचं महत्त्व सांगायला नको. गिल्बर्टनं कम्प्यूटरवर तालीम शक्य केली, असं मी म्हणेन.

दुसरं म्हणजे त्याचा राग. १९८९ साली त्यानं एक निबंध लिहिला. शीर्षकाचा मराठीत अर्थ साधारण ‘अ‍ॅडव्हेंचर गेम इतके भिकार का असतात’ असा होईल. त्या काळच्या खेळांत, विशेषतः सिएरा कंपनीच्या, एक पाऊल चुकलं की तुम्ही मेलात. किंवा तासाभरापूर्वी एक वस्तू उचलायची राहिली, की पुढे सगळा खेळ अडलाच. गिल्बर्टचं म्हणणं असं, की मेल्याशिवाय उत्तर कळत नसेल तर ते कोडं खोटं. आधी अडचण दिसू दे, मग किल्ली सापडू दे. ‘मंकी आयलंड’मध्ये गायब्रश जवळपास मरतच नाही. कड्यावरून पडतो, सिएराच्या थाटात मृत्यूची पाटी झळकते, आणि पुढच्या क्षणी गडी खालून उसळून परत वर! खाली रबराचं झाड होतं म्हणे. मरायचंच असेल तर एक सोय आहे : तो दहा मिनिटं श्वास रोखू शकतो, आणि पाण्याखाली तुम्ही त्याहून जास्त वेळ घालवलात तर मात्र बुडतो.

चाच्यांची कल्पना कुठून आली? डिस्नेलँडमध्ये १९६७ पासून ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ नावाची होडीतली सफर आहे. गिल्बर्टला होडीतून उतरून त्या गल्ल्यांत हिंडायचं होतं. आणि टिम पॉवर्सची ‘ऑन स्ट्रेंजर टाइड्स’ ही १९८७ ची कादंबरी, ज्यात चाचे आहेत, भुतं आहेत, जादूटोणा आहे. मात्र कल्पना सुचली आणि काम थांबलं, कारण कंपनीला इंडियाना जोन्सवरचा खेळ तातडीनं हवा होता. १९८९ मध्ये तो झाल्यावर गिल्बर्ट परत आपल्या बेटाकडे वळला.

तोवर दोन नवी पोरं आली होती : टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन. शेफरची भरती हा स्वतंत्र विनोद आहे. बर्कलीत कम्प्यूटर सायन्स शिकलेला हा पोरगा. फोनवरच्या मुलाखतीत उत्साहानं म्हणाला, तुमचा ‘बॉल ब्लास्टर’ मला फार आवडतो. पलीकडचा माणूस म्हणाला, खेळाचं खरं नाव ‘बॉलब्लेझर’. ‘बॉल ब्लास्टर’ हे फक्त चोरट्या कॉपीवर असतं. (हशा) संपलंच की! पण शेफरनं मग नोकरीचा अर्जच एका अ‍ॅडव्हेंचर गेमच्या रूपात लिहून, चित्रं काढून पाठवला. नोकरी मिळाली. चाच्यांवरचा खेळ लिहायला आलेला माणूस आधीच चाचेगिरी करून आला होता, असं म्हणायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. गिल्बर्टनं या दोघांना सांगितलं, की आत्ता संवादांच्या जागी काहीही तात्पुरतं टाका, नीट नंतर लिहू. दोघांनी ते खरं मानलं. हे कोण वाचणारे, या भरवशावर एकमेकांना हसवायला वाट्टेल ते लिहीत सुटले. आणि गिल्बर्टनं तेच ठेवलं. त्याच्या डोक्यातली भुताटकीची गोष्ट बरीच गंभीर होती. ती हसरी झाली ती इथे. मला तर हे फार महत्त्वाचं वाटतं. ‘आता मी विनोद लिहिणार’ म्हणून बसलेला माणूस बहुधा अवघडतो. ही दोन पोरं अवघडली नाहीत, कारण आपण अजून लिहितच नाही आहोत असं त्यांना वाटत होतं.

पण श्रेय त्या दोघांनाच देऊन मोकळं होता येत नाही. ग्रॉसमनचा विनोद कोरडा, शेफरचा धसमुसळा. कुठला प्रसंग कोणाला द्यायचा हे गिल्बर्ट ओळखून होता. आणि कोड्यांची चौकट त्याची होती. ती पक्की नसती तर हा नुसता वात्रटपणा झाला असता.

तलवारबाजीचं उदाहरण घ्या. चाच्यांचा खेळ म्हणजे द्वंद्व हवंच, पण गिल्बर्टला बोटांच्या चपळाईवरचा सामना नको होता. एरॉल फ्लिनचे जुने सिनेमे बघताना त्याला दिसलं, की तिथे तलवारीपेक्षा जीभच जास्त चालते. म्हणून खेळात तलवारबाजी अपमानांनी होते. एकानं टोमणा मारायचा, दुसऱ्यानं त्याला नेमकं उत्तर द्यायचं. समोरचा तुम्हाला गवळी म्हणाला, तर तुम्ही त्याला गाय करून टाकायचं. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबाची आठवण यावी असंच ते आहे. टोमणे लिहायला ऑर्सन स्कॉट कार्ड या कादंबरीकारानंही हात लावला. खरी गंमत शेवटी. तलवारीतली उस्ताद बाई वेगळेच टोमणे मारते, आणि तुम्ही रस्त्यावर शिकलेली जुनीच उत्तरं तिथे चपखल बसवायची असतात. म्हणजे प्रत्येक उत्तर दोन टोमण्यांना लागू पडलं पाहिजे. विनोद आणि रचना एकमेकींत किती मुरल्यात बघा.

नायकाच्या नावाचीही अशीच कथा. चित्रकारांच्या प्रोग्रॅममध्ये आकृतीला ‘ब्रश’ म्हणत. नायकाला नाव नव्हतं, म्हणून सगळे त्याला नुसतं ‘गाय’, म्हणजे ‘तो पोरगा’ म्हणत. स्टीव्ह पर्सेल या चित्रकाराच्या फाइलवर दोन्ही शब्द जोडून आले, आणि झाला गायब्रश! आडनाव कंपनीतल्या स्पर्धेतून आलं, मूळ पी. जी. वुडहाउसच्या थ्रीपवुड कुटुंबातलं. पु. ल. देशपांड्यांच्या या लाडक्या लेखकाचा धागा असा कॅरिबियनपर्यंत पोचला. मार्क फेरारीची पार्श्वभूमीवरची चित्रं आणि मायकल लँडचं संगीत यांच्यावर वेगळं व्याख्यान होईल. सोळा रंगांत चांदणी रात्र कशी उभी केली ते मुद्दाम बघा.

सगळेच विनोद मात्र पचले नाहीत. जंगलात एक बुंधा आहे. त्यात शिरायला गेलात की खेळ म्हणतो, २२ नंबरची डिस्क घाला. मग ३६. मग ११४. खोक्यात अर्थातच इतक्या डिस्का नव्हत्या. लोकांनी हेल्पलाइनवर फोन करकरून कंपनीला हैराण केलं, आणि सीडीवरच्या आवृत्तीतून तो विनोद काढावा लागला.

१९९१ मध्ये याच तिघांनी दुसरा भाग केला. त्याचा शेवट विचित्र आहे : गायब्रश आणि भुताळी खलनायक ही एका करमणूक-बागेत हिंडणारी दोन लहान मुलं निघतात. याचा अर्थ काय? १९९२ मध्ये गिल्बर्ट कंपनी सोडून गेला, आणि अर्थ त्याच्याबरोबर गेला. बेट मात्र कंपनीकडेच राहिलं. शेफर आणि ग्रॉसमननं १९९३ मध्ये ‘डे ऑफ द टेंटॅकल’ केला, पुढे तेही आपापल्या वाटेनं गेले. ‘मंकी आयलंड’चे पुढचे भाग इतरांनी केले. १९९७ चा तिसरा भाग मला स्वतःला आवडतो, पण त्या शेवटाचं कोडं तोही सोडवू शकला नाही. कसा सोडवणार?

२०१२ मध्ये डिस्नेनं लुकासफिल्म विकत घेतली. म्हणजे डिस्नेच्या सफरीवरून सुचलेलं बेट फिरून डिस्नेच्याच मालकीचं झालं. आणि ज्यानं ते रचलं तो बाहेरून जाहीरपणे म्हणत होता, की हक्क मला विकत द्या. ते मिळाले नाहीत. परवानगी मिळाली, तीही बऱ्याच वर्षांनी. १ एप्रिल २०२२ ला गिल्बर्टनं जाहीर केलं, की मी पुन्हा मंकी आयलंड करतोय. तारीख बघून कोणी विश्वास ठेवीना. खरं होतं! ग्रॉसमन सोबत होता, शेफर नव्हता. त्या उन्हाळ्यात नव्या चित्रशैलीवरून काही जुन्या चाहत्यांनी इतकी चिखलफेक केली, की गिल्बर्टनं स्वतःच्या संकेतस्थळावरच्या प्रतिक्रिया बंद करून टाकल्या. कंपनीखेरीज आणखी कोणीतरी या बेटाचा मालक असल्यासारखं वागत होतं, हे तेव्हा दिसलं.

‘रिटर्न टू मंकी आयलंड’ १९ सप्टेंबर २०२२ ला आला. तो कुठे सुरू होतो माहितेय? १९९१ साली जिथे सोडला होता तिथेच, त्या बागेत, त्या दोन मुलांपाशी.

आता प्रश्न घेऊ.