गोदावरीचा गाळ आणि दख्खनचा इतिहास : सागरतळातील एका नमुन्याची साक्ष

इतिहासाची साधने म्हणून आपण ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि उत्खननांत सापडणारी खापरे ह्यांची गणना करतो. समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलाचा ह्या यादीत समावेश करावा, ही सूचना मराठवाड्यातील अभ्यासकास काहीशी विचित्र वाटण्याचा संभव आहे. कारण आपला प्रदेश दोन्ही समुद्रांपासून दूर आहे. परंतु नदीचा हिशेब निराळा असतो. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. तिचे खोरे ३,१२,८१२ चौरस किलोमीटरांचे असून त्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात मोडतो. पैठण, गेवराई, नांदेड ह्या परिसरांतील शेतांची माती हजारो वर्षे आंध्र किनाऱ्यापलीकडील सागरतळावर थरांवर थर रचत आली आहे. ह्या थरांचे वाचन कसे होऊ लागले, त्यांतून दख्खनच्या इतिहासाविषयी काय निष्पन्न होते आणि ही साक्ष कोठवर ग्राह्य धरावी, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सागरतळाचा नमुना घेण्याची प्रथा शास्त्रीय कुतूहलातून नव्हे, तर नौकानयनाच्या गरजेतून जन्मली. खोली मोजण्यासाठी दोरीला शिशाचे वजन बांधून ते पाण्यात सोडीत. वजनाच्या बुडाशी खोबण असे व तीत चरबी भरलेली असे. तळाची वाळू, चिखल वा शिंपल्यांचे तुकडे त्या चरबीस चिकटून वर येत. खोलीचा आकडा आणि तळाचा प्रकार ह्या दोहोंवरून खलाशी धुक्यातही आपले स्थान ताडीत असत. म्हणूनच जुन्या सागरी नकाशांवर खोलीच्या आकड्यांशेजारी तळाच्या प्रकाराची अक्षरे छापलेली आढळतात.

'चॅलेंजर' जहाजाच्या १८७२ ते १८७६ ह्या काळातील सफरीने ह्या व्यावहारिक प्रथेस शास्त्राचे रूप दिले. त्या सफरीत जमविलेल्या नमुन्यांच्या आधारे मरे आणि रेनार ह्यांनी १८९१ मध्ये खोल सागरातील अवसादांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात १८७४ साली सागरी सर्वेक्षण खाते स्थापन झाले व पुढे 'इन्व्हेस्टिगेटर' ह्या जहाजावरून किनाऱ्यांची मापणी झाली. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५० नंतरच्या दशकात, वाल्टेअर येथील आंध्र विद्यापीठात प्रा. सी. महादेवन आणि अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ ई. सी. लाफाँड ह्यांच्या प्रेरणेने पूर्व किनाऱ्यालगतच्या तळाचा अभ्यास सुरू झाला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. 'गवेषणी' (१९७६) आणि 'सागरकन्या' (१९८३) ह्या जहाजांमुळे भारतीय संशोधकांस स्वतःच्या साधनांनी नमुने काढता येऊ लागले.

येथे नमुन्यांच्या दोन प्रकारांतील भेद ध्यानी घ्यावा. दोन जबड्यांच्या पात्राने उचललेला नमुना केवळ वरच्या थराचा असतो. आज तळाशी काय आहे एवढेच तो सांगतो. पोकळ नळी तळात उभी घुसवून काढलेल्या गाभ्यात मात्र थरांचा क्रम अबाधित राहतो. स्वीडिश शास्त्रज्ञ कुलेनबर्ग ह्यांनी नळीत दट्ट्या बसविण्याची युक्ती योजिली आणि 'अल्बाट्रॉस' मोहिमेत (१९४७-४८) ती यशस्वी ठरली. त्यामुळे कित्येक मीटर लांबीचे गाभे हाती येऊ लागले. पहिला नमुना हा सुट्या पानासारखा आहे, तर दुसरा बांधलेल्या पोथीसारखा. इतिहासकारास उपयोग आहे तो दुसऱ्याचा.

अशी एक पोथी २००६ साली हाती आली. राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेत 'जॉइडेस रेझोल्यूशन' ह्या जहाजाने भारताच्या किनाऱ्यांलगत वेधनकार्य केले. हेतू इंधनाच्या शोधाचा होता. गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे १,२७० मीटर खोल पाण्याखाली, १६ क्रमांकाच्या स्थानी मिळालेल्या गाभ्याचा वरचा सुमारे साडेआठ मीटरांचा भाग गेल्या अकरा हजार वर्षांचा लेख ठरला. कॅमिलो पॉन्टन व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१२ मध्ये आणि लिव्ह्यू जोसान व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१७ मध्ये त्याचे वाचन प्रसिद्ध केले.

ह्या वाचनाची रीत अशी. वनस्पतींच्या पानांवरील मेणाचे रेणू गाळात टिकून राहतात. वृक्ष व झुडपे ह्यांचे मेण आणि उष्ण, कोरड्या प्रदेशांतील गवतांचे मेण ह्यांत कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण निराळे असते. गोदावरीच्या गाभ्यात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून सुमारे १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत गवतांचा वाटा वाढत गेलेला आणि त्यानंतर तो टिकून राहिलेला दिसतो. म्हणजे पावसाचे मान क्रमाक्रमाने घटत गेले. गाळ कोठून आला हे निओडिमियम ह्या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून कळते. कारण दख्खनचा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा काळा पाषाण आणि खालच्या खोऱ्यातील अतिप्राचीन पट्टिताश्म ह्यांची खूण परस्परांहून भिन्न आहे. उत्तरकालीन थरांत दख्खनच्या मातीचा अंश वाढलेला असून साचण्याचा वेगही वाढलेला आहे.

पाऊस घटला की नदीची वहनशक्ती घटावी व गाळही कमी व्हावा, असे प्रथमदर्शनी वाटते. गाभ्याची साक्ष ह्याच्या उलट आहे. झाडोरा विरळ झाला की माती उघडी पडते. मग थोडेच पण जोराचे पावसाळी लोट ती अधिक प्रमाणात वाहून नेतात. जोसान ह्यांच्या मते ह्या नैसर्गिक झिजेत पुढे शेतीच्या स्वीकाराने, आणि विशेषतः लोहयुगात झालेल्या तिच्या विस्ताराने, भर घातली.

हे निष्कर्ष दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाच्या अभ्यासकास सरळ भिडतात. प्रा. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी जोर्वे, नेवासे, इनामगाव इत्यादी स्थळांच्या उत्खननांतून जी संस्कृती उजेडात आणली, तिचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. १४०० ते ७०० असा धरला जातो. डॉ. म. के. ढवळीकर ह्यांनी तिच्या ऱ्हासाचे कारण पर्जन्यमानातील घट हे मानले. गाभ्याने ह्या मतास पुष्टी मिळाली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो आवरला पाहिजे. अवर्षणाची प्रवृत्ती इ. स. पू. २००० च्या सुमारासच सुरू झाली होती. म्हणजे जोर्वे संस्कृती सुकाळात वाढून दुष्काळात संपली असे नसून, ती कोरड्या होत जाणाऱ्या भूमीवरच रुजली व काही शतके नांदली. पॉन्टन ह्यांचेही निरीक्षण हेच की, सिंधू खोऱ्यातील नागर जीवन विस्कटत असताना मध्य व दक्षिण भारतात स्थिर शेती मूळ धरीत होती. जे कारण उदयासही उपस्थित आहे, ते एकटे ऱ्हासाचे कारण ठरू शकत नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास पाठचिकित्सेचे नियम परिचित असतात. तेच नियम ह्या साधनासही लावले पाहिजेत. पहिला नियम स्थलाचा. गाभा संपूर्ण खोऱ्याची सरासरी सांगतो, एका गावाची कथा सांगत नाही. जोर्वे, नेवासे व दायमाबाद ही प्रवरेकाठची स्थळे गोदावरीच्या खोऱ्यात येतात. इनामगाव मात्र घोड नदीकाठी, म्हणजे भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात आहे. त्याच्याविषयी ह्या गाभ्याची साक्ष केवळ अप्रत्यक्ष होय. दुसरा नियम कालाचा. पोथीचा लेखनकाल आणि तीतील मजकुराचा रचनाकाल हे निराळे असतात. गाळातही जमिनीत शतकानुशतके पडून राहिलेला जुना कार्बन नंतरच्या थरात येऊन बसतो. म्हणून थराचा काल सागरातील सूक्ष्म कवचांवरून ठरवावा लागतो. जमिनीवरील कार्बनवरून ठरविल्यास काल मागे ओढला जातो. तिसरा नियम अर्थाचा. ज्वारी आणि बाजरी ह्यांच्या मेणाची खूणही कोरड्या प्रदेशांतील गवतांसारखीच असते. तेव्हा गवताचा वाटा वाढला ह्याचा अर्थ रान ओसाड झाले, की शेत पेरले गेले, हे केवळ मेणावरून ठरत नाही. खापरे, धान्याचे जळके दाणे आणि हाडे ह्यांची जोड दिल्यावाचून हा पाठ लागत नाही.

ह्या विषयाची एक बाजू आपल्या भाषेशी निगडित आहे. भूशास्त्रज्ञ ज्या सर्व द्रव्यास 'अवसाद' म्हणतात, त्यासाठी गोदाकाठच्या शेतकऱ्यापाशी एकाहून अधिक शब्द आहेत. तळाशी बसतो तो गाळ, पुराने आणून टाकलेली ती मळई, आणि सुपीक, मऊ तो पोयटा. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाल्यानंतर नाथसागराच्या ओसरत्या पाण्यामागे उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेतले जाऊ लागले, आणि 'गाळपेर' हा शब्द शेतातून कचेरीच्या कागदांत रूढ झाला. २०१७ साली राज्य शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आखली. माती अडविणे, उपसणे आणि परत शेतात नेणे ही तीनही कामे एकाच शब्दाभोवती फिरतात.

समुद्राच्या बाजूने पाहता ह्याच घटनेचा दुसरा अर्थ दिसतो. खोऱ्यातील धरणांमुळे गोदावरी समुद्रास देत असलेला तरंगता गाळ १९७० च्या दशकाच्या मानाने १९९० च्या दशकात सुमारे एक-तृतीयांशावर आला, असे मालिनी व राव ह्यांनी २००४ मध्ये दाखविले. आणि त्याच सुमारास त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी झिजू लागला. चार हजार वर्षे वाढत्या हाताने लिहिला जाणारा हा लेख आपल्या डोळ्यांदेखत अंधूक झाला आहे. यापुढील मराठवाड्याच्या मातीची नोंद सागरतळापेक्षा नाथसागराच्या तळाशी अधिक सापडेल.

तात्पर्य असे की, सागरतळाचा गाभा हे दख्खनच्या इतिहासाचे स्वतंत्र साधन आहे, परंतु निर्णायक साधन नव्हे. मातीच्या झिजेचा दोष केवळ आकाशाकडे देता येत नाही, असे त्यावरून सूचित होते. उघड्या पडलेल्या जमिनीचाही त्यात वाटा आहे, आणि ती उघडी पाडण्यात माणसाचा हात फार जुना आहे. ज्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ह्या विषयात काम करावयाचे असेल, त्यांनी नाथसागराच्या काठच्या गावांतील माती, पूर व गाळ ह्यांविषयीचे शब्द अर्थभेदांसह संकलित करण्यापासून प्रारंभ करावा. प्रयोगशाळा थराचे वय सांगू शकते. त्या थरावर उभे राहून पेरणी करणाऱ्यांनी तो कसा ओळखला आणि कसा वापरला, हे मात्र ह्या शब्दांतूनच कळेल.